उघड्या कुलपाची किल्ली

रविवार, ९ नोव्हेंबर

ताई,

धाकटीचा नमस्कार. एरवी पुढच्याच ओळीत भावोजींनाही नमस्कार लिहिते, आज तो राहू दे.

तुझे दोन्ही निरोप मिळाले. फोन मी मुद्दाम उचलला नाही, तेव्हा मोबाइल बिघडलाय वगैरे थापा मारत नाही. तू बोलायला लागलीस की माझं बोलायचं राहून जातं, हे लहानपणापासूनचं आहे. पत्रात तुला मध्येच तोडता येणार नाही, म्हणून हा खटाटोप.

आधी हाताची खबर. जखम भरलीय, गार हवा सुटली की ठणकते. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट नसलं तरी पेन धरायला तीन बोटं पुरतात. अक्षर वाकडं आलंय, पण ते आधीही काही मोत्यासारखं नव्हतं. वेणी घालता येईना म्हणून केस कापून टाकले. शेजारच्या काकू म्हणतात, शोभतात. पण त्यांना सगळंच शोभतं. भाचीने पाठवलेलं चित्र भिंतीला चिकटवलंय. तिने माझ्या एका हाताला तीन आणि दुसऱ्याला सात बोटं काढलीत. हिशेब चोख आहे पोरीचा.

तू लिहितेस, नव्या घरात एक खोली माझ्यासाठी ठेवलीय, कायमची राहायला ये. त्याचं उत्तर या पत्राच्या शेवटी तुला आपोआप कळेल.

मला मशीनवरून काढलंय, हे तुला ठाऊक आहेच. आता मी गोदामात लेबलं लावते. बसून काम, डोक्याला ताप नाही, असं मी सगळ्यांना सांगते. खरं तर तिथे जीव गुदमरतो. समोरच ती तिन्ही रॅपिंग मशीनं दिसतात. लाकडी पॅलेटवर खोक्यांची चळत, खाली थाळी फिरतेय, खांबावरून फिल्मचा रोल वर-खाली होतोय आणि फिल्म खोक्यांभोवती ताणून बसतेय. बाहेरच्याला त्यात बघण्यासारखं काही नाही. मी मात्र कान देऊन बसते. दोन नंबरची चेन सैल झालीय. एक नंबरच्या रोलरवर चिकटा धरलाय, म्हणून फिल्म फाटते, आणि माझ्या जागी आलेला नवा फिटर फिल्म बनवणाऱ्यांच्या नावाने खडे फोडतो. आपण कोण सांगणार? आपण लेबलं लावायची.

आणखी एक काम मला दिलंय, ते भावोजींनी घरी सांगितलं नसेल. नवी माणसं भरती झाली की सुरक्षेचा वर्ग असतो. त्यात मला पुढे उभं करतात. साहेब म्हणतात, "हात दाखवा." मी दाखवते. "कुलूप लावायला विसरलं की काय होतं ते नीट बघून घ्या." मग मी माझ्या तोंडाने सांगते की मी विसरले. पहिल्या वेळी कसंबसं दोन वाक्यांत आटपलं होतं. आता सवय झालीय, मध्ये एखादा विनोदही करते.

तुला कारखान्यातलं सगळं माहीत नाही, म्हणून सांगते. मशीनमध्ये हात घालायचा तर आधी मेन स्विच बंद करायचा, त्यावर आपलं कुलूप घालायचं आणि किल्ली आपल्या खिशात टाकायची. प्रत्येक फिटरचं कुलूप वेगळं, त्याची किल्ली एकच. दुसऱ्याच्या कुलपाला मालकानेही हात लावायचा नाही. हे मला भावोजींनीच शिकवलं. माझ्या पहिल्या दिवशी ते फोरमनच्या रुबाबात लाल कुलूप हातावर ठेवून म्हणाले, "याची किल्ली नवऱ्यालासुद्धा द्यायची नाही." मी म्हटलं, "आधी नवरा तर द्या." सगळं वर्कशॉप हसलं होतं.

त्या दिवशी मी दोन नंबरच्या मागे पालथी पडून थाळीखालची चेन ताणत होते. पुढून मी कुणाला दिसत नव्हते. मशीन सुरू झालं आणि हात चेनमध्ये गेला. शुद्धीवर आले तेव्हा भावोजी उशाशी होते. म्हणाले, "अगं, कुलूप लावलं नव्हतंस. ते कपाटातल्या खिळ्यावरच होतं." मला तर लावल्याचं आठवत होतं. मग तू आलीस. डोक्यावरून हात फिरवलास आणि म्हणालीस, "विसरली असशील गं. लहानपणापासून धांदरटच तू. कबूल करून टाक, चौकशी मिटेल, सगळ्यांचीच सुटका होईल." ताई म्हणते म्हणजे तसंच असणार, असं धरून मी जबाब दिला. वर भावोजींची माफी मागितली, की माझ्यापायी तुम्हाला बोलणी खावी लागली. त्यांनी ती घेतली. मान हलवून घेतली.

मागच्या वर्गात माझ्याच वयाच्या एक बाई होत्या. नवं कुलूप उघडून त्याच्याशी झटत होत्या. मला म्हणाल्या, "किल्ली निघतच नाही हो. कुलूप खराब आहे का?" मी सवयीने म्हणाले, "खराब नाही. ही कुलपं अशीच असतात. उघडं असलं की किल्ली अडकून राहते, बंद केलं की मगच निघते." एवढं बोलले आणि ते कुलूप त्यांच्या हातून घेऊन बघत बसले. साहेबांना वाटलं मला भरून आलं, त्यांनी पाणी मागवलं.

माझं कुलूप काम नसताना खिळ्यावर उघडंच टांगलेलं असायचं, किल्ली त्यातच. मी ते घ्यायला विसरले असते, तर किल्लीही त्यातच राहिली असती. पण किल्ली माझ्या खिशात होती. म्हणजे कुलूप मी बंद केलं होतं, आणि मी ते मेन स्विचशिवाय कुठे बंद करत नाही. तिथून ते दुसऱ्या किल्लीने काढून कुणीतरी खिळ्यावर नेऊन ठेवलं.

किल्ली खिशात होती हे तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे? दवाखान्यात माझ्या कपड्यांची पिशवी तूच उघडलीस. रक्ताने कडक झालेल्या पँटचे खिसे चाचपून किल्ली काढलीस. "ह्यांनी मागितलीय, कंपनीत जमा करायचीय," म्हणालीस. मी म्हटलं, ने. मला तेव्हा एवढंच वाटलं, की ताई किती धीराची आहे.

मंगळवारी सुटी झाल्यावर सायकल स्टँडपाशी भावोजींना गाठलं. "दुसरी किल्ली कधी करून घेतलीत?" एवढंच विचारलं. ते नाही म्हणाले नाहीत. सगळ्यांच्याच कुलपांच्या जोडकिल्ल्या त्यांनी गुपचूप करून ठेवल्या होत्या. कुणी कुलूप तसंच ठेवून घरी गेलं की काम अडतं, म्हणून. "दारात ट्रक उभा होता. वरून फोनवर फोन. मला वाटलं, तू जेवायला गेलीस. मागे एकदा वाकून बघायला हवं होतं गं." आणि रडायला लागले. खरं सांगते, तिथवर मी त्यांना माफ करायच्या बेतात होते. घाईत माणूस चुकतो. मग डोळे पुसत ते म्हणाले, "मी साहेबांना सांगून टाकणार होतो. तुझी ताईच म्हणाली, नोकरी जाईल, घर जाईल. तिचं काय, एकटा जीव आहे, तिला मी समजावते."

एकटा जीव. हे शब्द तुझेच आहेत, ताई. भावोजींना असं बोलणं सुचत नाही.

तेव्हापासून मला त्यांच्यापेक्षा तुझा राग येतो. त्यांनी कुलूप काढलं तेव्हा मी मशीनमागे आहे हे त्यांना माहीत नव्हतं. तुला सगळं माहीत होतं. आई गेल्यावर तू मला वाढवलंस. मी कुणाचं ऐकते तर तुझं, हे तुला पक्कं ठाऊक, आणि नेमकं तेच तू वापरलंस. याला केसाने गळा कापणं म्हणतात. गेलेल्या बोटांचं मी निभावून नेलं असतं. पण त्या दिवसापासून माझा माझ्याच डोक्यावर विश्वास उरला नाही. गॅस बंद केला का, कडी लावली का, हे मी पुन्हा पुन्हा उठून बघत राहिले. कामावर जाताना अर्ध्या वाटेवरून परत यायचे. तुला रडत रडत सांगितलंही होतं हे. तेव्हा एका वाक्याने माझा जीव भांड्यात पडला असता. तू म्हणालीस, "डॉक्टरला दाखव, काहीतरी औषध देतील."

काल चौकशीच्या साहेबांना भेटले आणि जुना जबाब मागे घेतला. भावोजी सायकल स्टँडवर बोलले ते ऑफिसात बोलतील, असं मला वाटत नाही. साहेबांनी विचारलं, "किल्ली तुमच्या खिशात होती, हे कुणी पाहिलं?"

मी म्हटलं, "माझ्या बहिणीने."

"म्हणजे फोरमनच्या मिसेस? त्या सांगतील?"

मी म्हटलं, "तुम्ही नाव लिहून घ्या."

शुक्रवारी तुला जबाबासाठी बोलावतील. हे तुला परक्याकडून कळू नये, म्हणून आधी लिहिलं. तू खरं सांगितलंस तर भावोजींची नोकरी जाईल, कदाचित हप्त्यांवरचं घरही. ते मी गोड करून सांगत नाही. खोटं सांगितलंस तर मी जन्मभर ती विसरभोळी बाई, आणि हात वर करून तसं सांगायला मला पुन्हा उभं करतील. मी तुझ्यासमोरच बसलेली असेन. मान खाली घालणार नाही.

तू काय सांगशील, याचा मी सकाळपासून अंदाज करतेय. आयुष्यात पहिल्यांदाच तुझ्याबद्दल मला तो करता येत नाही.

भाचीला पापा. खाली 'तुझी' लिहायला हात गेला होता, तो मागे घेतला. शुक्रवारनंतर बघू.

धाकटी