फाळक्यावरची खूण

बाबा, मी हल्ली पुण्यात बसून जहाजं भरते. कुणाला सांगितलं की हमखास विचारतात, समुद्र कुठून आणलात? कंप्युटरवर चौकोन हलवायचे असतात. जड कंटेनर तळाला, हलके वर, आणि जो आधीच्या बंदरात उतरायचा तो शेवटी चढवायचा. तुम्ही पाहिलं असतंत तर म्हणाला असतात, घाम न गाळता जहाज भरतं होय? आणि मग शेजाऱ्यांना बोलावून दाखवलंही असतंत.

तुमचं काम मुंबईच्या गोदीत, फाळक्यावर. डेकवरच्या त्या भल्यामोठ्या तोंडाशी उभं राहून जहाजाच्या पोटात बघायचं आणि क्रेनवाल्याला खुणा करायच्या. त्या गोंगाटात बोललेलं ऐकू येत नसे, म्हणून सगळं हातांनी. सुट्टीला विश्रांतवाडीला आलात की तेच हात आमच्या स्वयंपाकघरात चालायचे. मी स्टुलावर, माळ्यावरची लोणच्याची बरणी माझ्या हातात, तुम्ही खाली. बोट खाली करून गोल फिरवलंत की उतरव, हात आडवा हलवलात की थांब. आई म्हणायची, "अहो, तोंड दिलंय ना देवाने?" एकदा मी थांबले नाही आणि बरणी ओट्यावर आपटून फुटली. तुम्ही आवाज चढवला नाहीत. "खाली माणूस उभा असतो, बाळ," एवढंच म्हणालात. मग आपण दोघांनी फरशी पुसली.

पुढे झटका येऊन तुमची वाचा गेली. हात तेवढे चालत होते. त्या सकाळी मी तुम्हाला पलंगावरून खुर्चीत बसवत होते, मला कामाला जायला उशीर झाला होता, नुसती ओढाओढ चालली होती. तुम्ही छातीपुढे दोन्ही हात जोडलेत. बापाने लेकीपुढे हात जोडावेत, हे मला सहनच झालं नाही. "हात कसले जोडताय? मी छळते का तुम्हाला?" असं ओरडले, तुम्हाला खुर्चीत बसवलं आणि निघून गेले. त्यानंतर तुम्ही महिनाभर होतात, पण मला काही सांगायला हात उचलला नाहीत. सोळा वर्षं ते जोडलेले हात माझ्या डोळ्यांपुढून हलले नाहीत.

आज ऑफिसात आम्ही नव्या मुलांना गोदीच्या खुणांची फिल्म दाखवत होतो. फाळक्यावरचा माणूस छातीपुढे दोन्ही हात जोडतो. खाली अर्थ लिहिलेला असतो, सगळं आहे तसं धरून ठेवा, काही हलवू नका. मी ते तीनदा मागे नेऊन पाहिलं.

म्हणजे तुम्ही गयावया करत नव्हतात. तुम्ही फाळक्यावर उभे होतात आणि मला सांगत होतात, ओझं निसटतंय, जरा तशीच थांब. बाथरूममध्ये जाऊन मी पोटभर रडले आणि बाहेर आले तेव्हा फार हलकं वाटत होतं. बरणीच्या वेळेसारखी मी याही वेळी थांबले नाही, ते आहेच. पण निदान तुम्हाला माझ्यापुढे हात जोडावे लागले नाहीत.

फक्त एक आहे, बाबा. फिल्ममधल्या माणसाची बोटं एकमेकांत गुंतलेली होती. नमस्काराला पंजे सरळ असतात. तुमचे कसे होते, मला आठवत नाही. आई तेव्हा दारातच उभी होती, तिला आठवत असेल. हे पत्र तिला वाचून दाखवायचं म्हणूनच लिहायला घेतलं होतं. ती आत्ता आत शेंगा सोलत बसली आहे. मी तिला विचारणार नाही.