बिनदुधाचं फ्रॉस्टिंग, मुलुंड पूर्व

१९ मार्च, गुरुवार. पाडवा.

गुढी उभारली. श्रीखंड खाल्लं. ठीक होतं. लगेच संकल्प केला: आजपासून बिनदुधाच्या धंद्यात उतरायचं.

कल्पना अशी. आमच्याच बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर अनुपमा राहते. घरी केक करून विकते. मुलुंड ते घाटकोपर अशाच केकवाल्या बायकांचा तिचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. काल लिफ्टमध्ये सांगत होती, हल्ली गिऱ्हाइकं दूध नसलेला केक मागतात. आतला स्पंज जमतो, वरचं क्रीम काही जमत नाही. ती दुसऱ्यावर उतरली, माझा पाचवा येईपर्यंत प्लॅन तयार होता. या सगळ्यांना तयार फ्रॉस्टिंग मी पुरवायचं. राबतील त्या, डोकं माझं.

बायकोला, क्षमाला, सांगितलं. ती म्हणाली, तुझा साधा चहा उतू जातो. मी म्हटलं, म्हणूनच तर दूध काढून टाकतोय. जोक चांगला होता. ती हसली नाही. मीही नाही. हल्ली ते राहूनच जातं.

मी नोकरीला होतो ती नाहूरची कंपनी बंद पडली त्याचं मला काहीही वाटलेलं नाही, हे इथे लिहून ठेवतो. लोक उगाच विचारत असतात.

२२ मार्च, रविवार

ब्रँडचं नाव ठरलं: शुभ्रा. लोगो झाला. डबे आले. झाकणावरचे स्टिकरही छापून आले. फ्रॉस्टिंग तेवढं बाकी आहे. म्हणजे जवळजवळ सगळंच झालं.

२६ मार्च, गुरुवार. सकाळी.

नारळाचं दूध रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलं होतं. वर जमलेली साय काढली, पिठीसाखर घालून फेटली. व्हिडिओतल्या बाईचं क्रीम टोक काढून उभं राहतं. माझंही राहिलं. फोटो काढायला फोन आणेपर्यंत बसलं.

दुपारी.

दोष पंख्याचा. पंखा बंद केला. मग मी आणि फ्रॉस्टिंग दोघंही वितळलो. जरा आडवा झालो.

संध्याकाळी.

क्षमा ऑफिसातून आली तेव्हा उठलो. तिने दिवे लावले आणि म्हणाली, रोज इतकं झोपतोस, एकदा डॉक्टरांना दाखवून येऊ. मी म्हटलं, रिसर्चने माणूस थकतो. पुढच्या आठवड्यात जाऊ.

२ एप्रिल, गुरुवार

नवा शोध. छोले शिजवलेलं पाणी फेटलं की अंड्याच्या पांढऱ्यासारखं फुलतं. पाणी लागतं वाटीभर, छोले उरतात पातेलंभर. त्यामुळे चार दिवस घरात छोले, क्षमाच्या डब्यात छोले. तिला ऑफिसात विचारलं म्हणे, घरी दिल्लीचे पाहुणे आलेत का.

आज अनुपमाला सॅम्पल दिलं. चमचा तोंडात घालून ती तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "काका, यात मीठ आहे का?"

छोले मीठ घालून शिजवले होते, ते खरं. पण मला खारट लागलं नाही. तिच्यासमोर आणखी एक चमचा खाऊन दाखवला. ठीक होतं. दिवसभर गोड चाखून या बायकांची जीभ बिघडत असणार. आणि 'काका' म्हणायची काही गरज नव्हती.

९ एप्रिल, गुरुवार

रात्री आमटी दोनदा घेतली. क्षमाने पहिलाच घास घेऊन वाटी बाजूला ठेवली. आमटीत मीठच नव्हतं. मिठाचा डबा आणून ती माझ्याकडे बघत बसली.

"तुला चव लागत नाही का रे?" तिने विचारलं. अगदी हळू.

मी म्हटलं, लागते की, पण मी जेवणाला नावं ठेवणारा माणूस नाही. इतक्या वर्षांच्या संसारात हा गुण तिच्या लक्षात आलेला नाही.

डॉक्टरचं पुन्हा काढलं. या आठवड्यात नाही जमणार. प्रॉडक्ट लाँच आहे.

१४ एप्रिल, मंगळवार

पहिली ऑर्डर! अनुपमा स्वतः वर आली. घाटकोपरच्या दीप्ती नावाच्या बाईंचा मुलगा सम्यक, सहा वर्षांचा होतोय. त्याला दुधाची अ‍ॅलर्जी आहे. चमचाभर दूध पोटात गेलं तरी ओठ सुजतात, श्वास लागतो. त्याने आजवर स्वतःच्या वाढदिवसाला केक कापलेला नाही. यंदा त्याने हट्ट धरलाय की दुकानातल्या फोटोसारखा, वर क्रीमचे डोंगर असलेला केक हवा.

अनुपमाने तिच्या पद्धतीने करून बघितलं, उकाड्यात टिकत नाही. म्हणाली, "जमेल ना? जमणार नसेल तर आत्ताच सांगा. मी त्यांना नाही म्हणून कळवते, त्यांना सवय आहे."

मी म्हटलं, निश्चिंत राहा. हे मला छान म्हणता येतं.

१९ एप्रिल, रविवार

नारळ: बसलं. छोले: वास. नारळ आणि छोले एकत्र: लिहीत नाही. वेळ भरपूर आहे.

२४ एप्रिल, शुक्रवार

वेळ संपला. केक उद्या. सकाळचं नारळाचं क्रीम ओट्यावरून खाली ओघळलं. मी ते बघत उभा राहिलो. पुसावंसं वाटेना. क्षमा पुसून कामाला गेली.

मग डोकं चाललं. स्टेशनजवळ केकच्या सामानाचं दुकान आहे. तिथे फेटायच्या क्रीमचा खोका मिळाला. पुढे ठसठशीत अक्षरांत: नॉन-डेअरी. घरी आणून फेटलं, पाच मिनिटांत डोंगर उभा. झकास! एवढे दिवस कुणी बोललं कसं नाही? नारळाचा इसेन्स दोन थेंब टाकला, म्हणजे ते आपलं झालं.

कंपनीत माझं कामच औषधांच्या लेबलवरची अक्षरं तपासायचं होतं, त्यामुळे खोका वाचायला मला कुणी शिकवू नये. पुढची बाजू वाचली. मागे फार बारीक होतं. चष्मा आतल्या खोलीत होता. उठवेना.

शुभ्राच्या डब्यात भरून अनुपमाला दिलं. तिने विचारलं, यात काय काय आहे? मी म्हटलं, नारळ आणि मेहनत. ती खूश होऊन गेली.

२५ एप्रिल, शनिवार

फोन नाही, मेसेज नाही. तक्रार नाही म्हणजे प्रॉडक्ट पास. आता अख्खं घाटकोपर, मग बोरिवली. तिथून बोटीने गोराई, तिकडच्या रिसॉर्टमध्ये वाढदिवस फार होतात.

२६ एप्रिल, रविवार

अनुपमा आली. आत ये म्हटलं तरी दारातच उभी राहिली.

काल केक कापला. सम्यकने दोन तुकडे खाल्ले. थोड्या वेळात ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, उलटी झाली, श्वास लागला. दीप्तीबाईंना सवय आहे, घरात इंजेक्शन होतं, ते देऊन हॉस्पिटलला नेलं. रात्रभर ठेवलं. आज सकाळी घरी सोडलं. आता बरा आहे.

तिने विचारलं, त्यात काय होतं. मी म्हटलं, नारळ. क्षमा आत गेली आणि कचऱ्याच्या डब्यातून खोका काढून घेऊन आली. चष्मा लावून तिने मागची ओळ मोठ्याने वाचली. त्यात दुधातलं प्रोटीन होतं. स्पष्ट छापलेलं.

मी म्हटलं, पुढे नॉन-डेअरी लिहायचं आणि मागे असं, ही शुद्ध फसवणूक आहे. अनुपमा म्हणाली, तिने दीप्तीबाईंना चूक माझी म्हणून सांगितलंय. म्हणजे तिची स्वतःची. तिने विचारून घ्यायला हवं होतं. आता काही दिवस ती ऑर्डर घेणार नाही.

ती गेल्यावर मी खुर्चीत बसलो. मला काही वाटतंय का ते नीट बघितलं. छातीत बघितलं, पोटात बघितलं. काही नव्हतं.

२९ एप्रिल, बुधवार

ठरवलं. घाटकोपरला जाऊन दीप्तीबाईंना समजावून सांगायचं. मुद्दे काढले: लेबलचे नियम, बाजारातले गैरसमज, माझा हेतू, पुढची काळजी. क्षमाने वाचले आणि म्हणाली, "मुद्दे नको नेऊस. नुसता जाऊन ये."

उद्या जातो. उद्या ऊन फार आहे म्हणतात. परवा.

३ मे, रविवार

गेलो.

दीप्तीबाईंनी दार उघडलं. ओळखलं नाही. नाव सांगितलं, शुभ्रा सांगितलं. तरी ओळखलं नाही. मग म्हटलं, क्रीम मी दिलं होतं. त्या बाजूला झाल्या. पाणी आणून दिलं, समोर बसल्या.

मुद्दे पाठ होते. पहिलाच आठवेना. मी म्हटलं, मी मागची बाजू वाचली नव्हती.

 त्या म्हणाल्या, "तो झाल्यापासून घरात येणारं प्रत्येक पाकीट मी वाचते. त्या दिवशी एकदाच वाटलं, आपल्यासाठी दुसऱ्या कुणीतरी वाचलं असेल."

मी पाण्याचा पेला रिकामा केला.

तेवढ्यात सम्यक आतून आला. बारीक मुलगा, पुढचा एक दात पडलेला. मी कोण, त्याने आईला विचारलं. तिने सांगितलं. वाटलं, आता आत पळेल. तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

म्हणाला, "मला खूप आवडलं होतं. परत कराल?"

आजवरचा एकमेव चांगला अभिप्राय. दीप्तीबाई भिंतीकडे बघत होत्या.

मी म्हटलं, नाही.

का, त्याने विचारलं.

मी म्हटलं, मला येत नाही.

त्याने ते लगेच मान्य केलं. जरा विचार केला आणि आईला म्हणाला, पुढच्या वर्षी मग पहिल्यासारखं कलिंगडच कापू या. मग मलाच समजावल्यासारखं म्हणाला, "त्याच्यात मेणबत्ती सरळ उभी राहते."

मी म्हटलं, हो. राहते.