दहा वॅटचा डबा

बाबा,

काल नागपूरला कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. माझ्या दोन्ही कानांमागे आता यंत्रं आहेत. मुलीनं पुण्याहून सगळं ठरवलं, डॉक्टर शोधले, ती स्वतः रजा काढून आली आणि मला बसमध्ये बसवून परत गेली. ती रोज विचारणार, आता नीट ऐकू येतं ना. काय सांगायचं ते अजून ठरत नाही. बसस्टँडवर हॉर्न, कपबशा, कंडक्टरची घंटी सगळं अंगावर आलं. शेजारी बसलेली बाई मात्र मला काय विचारत होती, ते शेवटपर्यंत कळलं नाही. तेव्हापासून तुमचा रेडिओ डोक्यातून जात नाही.

चिखल्याचं क्वार्टर. तुम्ही खाणीतून वर येऊन, आंघोळ करून स्वयंपाकघराच्या दाराशी बाजेवर बसला आहात. कोनाड्यात छोटा ट्रान्झिस्टर, प्रादेशिक बातम्या चालू, आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलेलं. आवाज फाटतो आहे. आई चुलीवरून भात उतरवत म्हणते, "सारी कालनी आयकून राहिली, तुमाले एकट्यालेच नाही येत का आयकू?" तुम्ही म्हणता, "येते ना. एवढा बोंबलते, काहून नाही येणार?" मी सुट्टीवर आलेली, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. मी लगेच समजावून सांगते की एवढ्याशा सेटची ताकद अर्धा वॅटसुद्धा नाही, त्याच्याकडून जास्त मागितलं की आवाजाच्या लाटांचे शेंडे कापले जातात, म्हणून आवाज फाटतो. तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत सगळं ऐकून घेता. माझं जितकं मन लावून ऐकता तितकं तुम्ही कोणाचंच ऐकत नाही, असं मला तेव्हा वाटायचं.

सानगडीच्या शाळेत नोकरी लागल्यावर मी पहिली मोठी वस्तू घेतली ती तुमच्यासाठी. भंडाऱ्याच्या रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून अ‍ॅम्प्लिफायर बांधून घेतला, लाकडी खोक्यात मोठा स्पीकर बसवला, आणि ते सगळं मांडीवर घेऊन बसनं चिखल्याला आणलं. दहा वॅट. कॉलनीनं त्याचं नाव डबा ठेवलं. पहिल्या संध्याकाळी शेजारी जमले, नळावरच्या बायका घागरी घेऊन थांबल्या. तुम्ही खोक्यावर तळहात ठेवून बसला होतात. "मस्त आणला वं. पुरं साफ आयकू येते." माझ्या अंगात नवी मास्तरीण. आत्ता बातम्यांत काय सांगितलं, मी विचारलं. तुम्ही शेजारच्या काकांच्या चेहऱ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, तलावाच्या पाण्याचं काहीतरी. सांगितला होता धानाचा भाव. लोक हसले. मी वर्गातल्या आवाजात म्हणाले, "यंत्र मी आणून दिलं, लक्ष कुठून आणून देऊ?"

"चुकलं, बाई," तुम्ही म्हणालात, शाळेतली पोरं म्हणतात तसं. लोक पुन्हा हसले. तुम्हीही हसलात.

त्यानंतर मी कधीही घरी आले, तर तुम्ही मला बातम्या सांगायचात, बरोबर सांगायचात. डब्याचा उपयोग झाला म्हणून मी खूष. तुम्ही गेल्यावर आई एकदा बोलून गेली होती की खाणीच्या फाटकाजवळचा चहावाला दुपारच्या बातम्या ऐकायचा, आणि पाळी सुटली की तुम्ही त्याला समोर बसवून सगळं विचारून घ्यायचात. मला वाटलं, गप्पांची हौस.

काल डॉक्टरांनी माझ्या कानांचा आलेख दाखवला. जाड आवाजांपाशी रेघ ठीक, बारीक आवाजांकडे गेली की खाली कोसळते. ते म्हणाले, तुम्हाला भात, हात, सात, रात सगळं सारखंच ऐकू येत असेल. यंत्र आवाज वाढवेल. कानात जे उरलंच नाही ते परत आणणार नाही. मग विचारलं, मोठ्या आवाजाच्या मशीनजवळ कधी काम केलंय का. मी म्हणाले, मी नाही, वडिलांनी, जन्मभर खाणीत खाली ड्रिल मशीन चालवली. ते म्हणाले, मग त्यांचा आलेख याहून वाईट असणार. घरच्यांना कळलं नव्हतं?

नाही कळलं. ड्रिलच्या आवाजात तुम्ही माणसं एकमेकांचे ओठ वाचून बोलायचात. घरात, दुकानात, माझ्यासमोर तुम्ही तेच करत होतात, आणि कोणाला काही जाणवलं नाही. रेडिओला ओठ नसतात. तेवढा एकच तुम्हाला उघडं पाडत होता, आणि मी त्याचीच ताकद वाढवून आणली. बाबा, हे मी पुढे वर्षानुवर्षं शिकवलं. अ‍ॅम्प्लिफायरला शब्द आणि खरखर यांतला फरक कळत नाही, जे येईल ते तो मोठं करतो. वॅट दुप्पट केले तरी कानाला आवाज दुप्पट वाटत नाही. मुलांनी चुकीचं उत्तर दिलं की मी त्यांना बाकावर उभं करायची. शिकवताना तुमचा तळहात एकदाही आठवला नाही. खोक्याच्या फळीतून येणारी थरथर तुम्हाला लागत होती, बातमी नव्हे. आणि मी तुम्हाला चारचौघांत लक्ष द्यायला सांगितलं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणूनच एवढं लिहवलं. आज संध्याकाळी मुलीचा फोन आला. तिनं विचारलं, आणि मी म्हणाले, अगदी स्वच्छ. तिला इतकं बरं वाटलं की पुढे काही सांगायची सोय उरली नाही. मग नातीनं फोन घेतला. तिचा आवाज केवढा तरी मोठा येत होता, भरभर, एकही शब्द हाती लागेना. मध्येच ती थांबली. तिनं काहीतरी विचारलंय एवढं त्या थांबण्यावरून समजलं. मी म्हणाले, हो, नक्की. ती आनंदानं ओरडली आणि फोन बंद झाला.

मी कशाला हो म्हणाले, ते मला माहीत नाही. मुलीला फोन लावून विचारायला हवं. अजून लावलेला नाही.