धाकू घाडीगावकर यास फुटबॉल संघात परत घेण्याबाबत

प्रति,
मा. प्राचार्य,
उपनगर कला महाविद्यालय, घाटकोपर.

विषय : रविवारच्या शेवटच्या सामन्यापुरती तरी आपली आज्ञा मागे घेणेबाबत.
संदर्भ : सूचनाफलकावरील आपली दि. ८ डिसेंबरची आज्ञा.

महोदय,

मी, महाविद्यालयाच्या फुटबॉल संघाचा कर्णधार, सविनय अर्ज करतो की :

१. या मोसमात आपला संघ एकही सामना जिंकलेला नाही, हे आज्ञेत म्हटले आहे ते खरे आहे. बरोबरीही झालेली नाही, हे आज्ञेत राहून गेले. ते मी जोडतो. तथापि सगळे खापर एकट्या धाकू घाडीगावकर या बचावपटूच्या माथी फोडून त्यास संघातून काढण्यात आले, याचे आम्हां सर्वांस फार वाईट वाटते.

२. गतवर्षी एका देणगीदार गृहस्थांनी महाविद्यालयास फुटबॉल भेट दिला. तो पडून राहू नये म्हणून आपणच हुतुतूच्या संघास फुटबॉल संघ म्हणून जाहीर केले, हे आपल्या स्मरणात असेलच. संघाने आज्ञा पाळली. सवयींनी मात्र ती मानली नाही. मालाडच्या पहिल्याच सामन्यात, चेंडू घेऊन आलेल्या प्रतिपक्षाचा हात ज्यास ज्यास लागला तो आमचा गडी आपण मेलो असे समजून मुकाट्याने मैदानाबाहेर जाऊन बसला. मध्यंतराला गोलरक्षक बाळ टिपणीस व मी एवढेच जिवंत होतो.

३. धाकू मालवणकडचा, पकडीत नावाजलेला. आघाडीवाला समोर आला की तो चेंडूकडे पाहतच नाही, सरळ घोटा धरतो. पंचांनी जाब विचारता, "पाय हाताक गावलो तर सोडूचो कसो?" असा त्याने उलट सवाल केला. पंचांनी त्याचे उत्तर पेनल्टीने दिले.

४. उपाय केले नाहीत असे नाही. धाकूचे हात उपरण्याने मागे बांधले, तेव्हा चेंबूरच्या पंचांनी या इसमास अटक झाली आहे काय, अशी चौकशी केली. पुढील सामन्यात त्याच्या दोन्ही मुठींत एकेक लिंबू देऊन ते पडता कामा नये अशी ताकीद दिली. लिंबे पडली नाहीत. आघाडीवाला दिसताच ती पिळली गेली, रस टिपणीसच्या डोळ्यांत उडाला व गोल झाला.

५. अंधेरीच्या संघाचा आघाडीवाला चंद्रप्रकाश याचा पाय धाकूमुळे मुरगळला, असे आज्ञेत आहे. पुढचे आपणांस कोणी सांगितलेले दिसत नाही. तो पडताच धाकूने त्यास पाठीवर घेतले आणि चालू सामना सोडून डॉक्टरांकडे नेले. वाटेत रडत होता तो धाकू, चंद्रप्रकाश नव्हे. तेवढ्यात आम्हांवर आणखी गोल झाले. त्याबद्दल संघात कोणाची तक्रार नाही. रविवारचा सामना त्याच अंधेरीच्या संघाशी आहे. चंद्रप्रकाश आता बरा आहे, आणि धाकू नसेल तर मीही उतरणार नाही, असा त्याचा निरोप आला आहे.

६. धाकू सध्या कुंपणाबाहेर उभा राहून आमचा सराव पाहतो. बोलावले तरी आत येत नाही. "सरांनी नको सांगल्यानी" एवढेच म्हणतो. हे आम्हांस पाहवत नाही.

तरी रविवारी त्यास खेळू द्यावे. आपण जिंकू असे आश्वासन मी देत नाही, कारण ते खोटे ठरेल. हरण्याची आम्हांस सवय झाली आहे. धाकूवाचून हरण्याची झालेली नाही.

आपल्या आज्ञेची वाट पाहणारा,
मार्तंड चौबळ
कर्णधार (सर्वानुमते, दुसरे कोणी तयार नव्हते)
घाटकोपर, दि. ११ डिसेंबर १९५६

सोबत : दोन लिंबे, ताजी. रविवारी ती आपण स्वतः धाकूच्या हाती द्यावीत, म्हणजे तो आत येईल.