धुऱ्यावरची पाल

तिरुपूर, मंगळवार, संध्याकाळ

कामावरून आलो तर पालींचा अभ्यास कराले आमच्या गावी येणाऱ्या सरांच्या विद्यार्थ्याचा मेसेज. गावी, आंजीले, आमच्या शेताच्या धुऱ्यावरच्या, म्हंजे बांधावरच्या, दगडगोट्यांत सरांले जी पाल सापडली होती, तिले त्यांचंच नाव देलं म्हणे. सर गेले, त्यांच्या नावाची पाल राह्यली. दुसरीकडं ती कुठंच नाई.

खुशीत दादाले फोन लावला. तो हसला. "पालीचं बारसं? घुगऱ्या कधी वाटशीन बे?" मंग म्हणे, उद्या सकाळी जेसीबी येऊन राह्यला, धुऱ्यावरचे गोटे काढतो.

थांब म्हटलं.

"काऊन? गोट्यावर कापूस येते काय? सर आपल्या घरी जेवले, मले मान्य हाय. पण पेरणी कोण करन, तू का पाल?"

त्याचंही खोटं नाई. पण गोट्यांबिगर ती पाल जगत नाई, सर सांगायचे. इथं बसून मी जेसीबी कसा अडवू? गोटे गेले की संपलंच ना सगळं?

मायनं फोन घेतला. माझा आवाज तिनं ओळखला असन. म्हणे, "रुसू नको बाप्पा. एक पाल धरून बरणीत ठेवतो. दिवाळीले येशीन तवा पाहजो."

झाकणाले भोकं पाडजो म्हटलं.