चार वाजताचा दुसरा कप

मी, मांगीलाल घेवरचंद छाजेड, वय अठ्ठ्याहत्तर, धंदा कापड दुकान, राहणार भोकरदन, जिल्हा जालना, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाखाली न येता, स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. वकिलांनी छापील नमुना दिला होता. त्यात ‘नश्वर देह’ तीन वेळा आला, म्हणून परत केला. देह नश्वर असल्याचे डॉक्टरांनी मला चांगली फी घेऊन सांगितले आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. दुकानामागचे राहते घर आणि बँकेतील ठेवी माझी पत्नी सौ. लाडबाई हिच्या एकटीच्या मालकीच्या होतील. मुलगा श्रेणिक तिच्या परवानगीने घरात राहील. परवानगी मिळेलच, पण मागावी. मी कधी कशाची मागितली नाही.

कलम २. दुकान श्रेणिकला. अट एकच. सूनबाई रुचि दुकानात आली, तर त्याने गादीवर सरकून तिला जागा द्यावी. गिऱ्हाईक नसताना द्यावीच, असताना तर जरूर द्यावी.

कलम ३. माझी मोठी कात्री रुचिला. श्रेणिकच्या हाताला कापड सरळ कापणे येत नाही, त्याला शिकवून मी थकलो.

कलम ४. बाजारातले काकासाहेब गाढे यांनी सत्याण्णव साली नेलेली माझी शिडी अजून आली नाही. ते या कागदावर साक्षीदार आहेत, म्हणून त्यांना काही देऊ नये असे वकील म्हणतात. बरेच झाले. शिडी परत घ्यावी.

कलम ५. हे कलम मोठे आहे, इलाज नाही.

लाडबाई रोज दुपारी चारला मागच्या दाराने दुकानात चहा आणायची. ट्रेमध्ये दोन कप. कापडाच्या गठ्ठ्यावर टेकायची, बोटांनी ठाण चाचपायची, म्हणायची, “हा रंग बघा, कच्च्या चिंचेचा.” मांजरीला किती पिल्ले झाली ते सांगायची. मी हं हं करायचो, डोळे रस्त्याकडे. तेच माझे सुख होते, आणि मी गिऱ्हाइकाची वाट पाहत बसलो.

अकरा वर्षांपूर्वी राजूरच्या एका लग्नाचा बस्ता बांधणे चालू होते. दहा-बारा माणसे, साड्यांचा ढीग. ती ट्रे घेऊन आली. मी सर्वांसमोर ओरडलो, “हे दुकान हाय का हॉटेल?” राजूरकर हसले. तिने दोन्ही कप उचलले आणि गेली. दुसऱ्या दिवसापासून मागच्या पायरीवर थर्मास येतो. आलं बराबर, साखर बराबर, कप एकच. श्रेणिक उचलून आणतो. घरात ती सगळे बोलते, गोळ्या देते. चार वाजता मात्र येत नाही.

वकिलांना माहीत नसेल म्हणून लिहितो. संवत्सरीला आम्ही जैन लोक वर्षभराच्या चुकांची क्षमा मागतो, त्याला खमतखामणा म्हणतात. मी दरवर्षी अख्ख्या बाजारात हात जोडत फिरलो. शिडीवरून भांडलो म्हणून काकासाहेबांचीही मागितली. सकाळी निघताना लाडबाई पाया पडून मला खमतखामणा म्हणायची. मी म्हणायचो, “बरं बरं, माझ्या चपला कुठं हायेत?” घरच्या माणसाची काय क्षमा मागायची, असे मला वाटायचे. गाढव होतो.

तरी माझ्या पश्चात श्रेणिकने सर्व नातेवाइकांसमोर हे मोठ्याने वाचावे: लाडबाई, त्या दिवसाबद्दल तुला माझा खमतखामणा.

दुरुस्ती. कलम ५ मधील शेवटचे वाक्य मी खोडले आहे, बाजूला सही केली आहे. कारण असे. सहीपूर्वी काकासाहेबांनी कागद वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, “शेठजी, हे मेल्यावर वाचायचं? मंग भाभी ‘जाऊ द्या’ कुणाला म्हणतील?”

मी उठलो. मागच्या दाराने गेलो. लाडबाई थर्मासात चहा ओतत होती. हात जोडले आणि खमतखामणा म्हणालो.

तिने थर्मास खाली ठेवला. म्हणाली, “अकरा वर्षं रोज पायरीवर थर्मास ठेवून मी दाराआड उभी राह्यले. वाटायचं, आज तुम्ही याल उचलायला. दरवेळी श्रेणिकच यायचा.”

दुकानापासून ती पायरी बारा पावलांवर आहे, येताना पावले मोजली. ती अकरा वर्षे मी कोणाच्याही नावे करू शकत नाही, तिच्याही नाही.

मग ती म्हणाली, “जाऊ द्या. बसा, गार होऊन राह्यला.” आणि फळीवरून दुसरा कप काढला.

साक्षीदार:
१. काकासाहेब रामराव गाढे (शिडी उद्या आणतो म्हणाले)
२. कल्याण कचरू सोनवणे, शिंपी

सही: मांगीलाल घेवरचंद छाजेड
ठिकाण: भोकरदन
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५, दुपारी पावणेपाच

कलम ६, सहीनंतर आठवले म्हणून. थर्मास कोणी मागितला तर आजच देऊन टाकावा.
(सही) मां. घे. छाजेड. दोन्ही साक्षीदारांसमोर.