नुसते पाहण्याचे आठ आणे

बाबा, आज मी एका माणसाला नुसते घर पाहण्याचा एक रुपया दिला. त्याने खिडकी पाहिली, दार पाहिले, पाणी मागून प्यायला आणि माझ्या मनातले निम्म्याहून जास्त काम नको म्हणून सांगितले. तरी तो रुपया बुडाला असे मला वाटले नाही. हे सांगायला दुसरे कोणी नाही म्हणून तुम्हाला लिहीत बसले आहे. शिवाय तुमच्याबद्दल एक संशय मी इतकी वर्षे मनात धरून ठेवला होता, त्याचाही आज निकाल लागला, आणि तो माझ्या बाजूने लागला नाही.

आम्ही आता बोरगाव मेघेला राहतो, मी आणि माय. दोन खोल्या आहेत आणि वर पत्रा आहे. मी मुलींच्या शाळेत शिकवते. बी.ए. झाले तेव्हा नाचणगावच्या घरी कागद दाखवायला गेले होते. काकांनी तो उलटा-सुलटा करून पाहिला आणि यात पगार कुठे लिहिला आहे म्हणून विचारले. मागच्या वैशाखात मायला ऊन लागले. दोन दिवस ती मला ओळखत नव्हती. यंदा पुन्हा तसे झाले तर निभावणे कठीण आहे, असे डॉक्टरांनी तिच्यादेखतच सांगितले, आणि तेव्हापासून ती मलाच धीर देते. म्हणून यंदा होळी झाली तशी मी खोली गार करण्याच्या मागे लागले. तुमची मुलगी, आणि खिडकी-दारावर पाणी मारायच्या वाळ्याच्या ताट्या लावायला दुसऱ्याला बोलावते आहे. पण बांबूची चौकट माझ्या हाताला कधी जमली नाही. तुम्ही शिकवलीही नाही. तुम्हाला माझ्या हातात पाटी हवी होती.

पहिला माणूस बाजारातल्या एका दुकानाचा. सायकलवर आला, चपला दाराबाहेर काढल्या, मायच्या पाया पडला. इथेच मला पहिला संशय आला. मी आधीच विचारून घेतले, येण्याचे काय घ्याल? त्याने कानाला हात लावला. पाहण्याचे पैसे आमच्या दुकानात घेत नाहीत म्हणाला, घेणारे आहेत गावात, पण ते लोक वेगळे. हे ऐकून मला बरे वाटले, कारण माझा नेम तोच आहे. हाताने काही केल्याशिवाय मोबदला घेऊ नये, हे शाळेत सूतकताईच्या तासाला आमच्याकडून म्हणवून घेत, आणि मी ते नुसते म्हटले नाही, धरून ठेवले. त्याने टेप काढला, पश्चिमेच्या खिडकीचे माप घेतले, दाराचे घेतले, आणि न सांगता स्वयंपाकाच्या खोलीतल्या झरोक्याचेही घेतले. दुसऱ्या दिवशी अंदाज आला, छापील कागदावर. तीन ताट्या. पाणी झिरपायला भोके पाडलेली पत्र्याची पन्हाळी. दरवर्षी वाळा बदलण्याचा करार. सगळे मिळून बहात्तर रुपये, म्हणजे माझा जवळजवळ महिन्याचा पगार.

मी तो कागद मुलींची उत्तरपत्रिका तपासावी तसा तपासला. वाळा शेरावर धरला होता, आणि ओला की कोरडा ते लिहिले नव्हते. ओला वाळा वजनाला किती जास्त भरतो हे मला कोणी शिकवायला नको. लावणावळ वेगळी, मजुरी वेगळी. या दोहोंत फरक काय ते कळेना. खाली एक ओळ होती, 'इतर : सात रुपये'. मी दुकानात जाऊन विचारले, इतर म्हणजे काय? तो अगदी शांतपणे म्हणाला, "बाई, इतर म्हणजे इतर. काम निघालं की इतर निघतेच." मी कागद घडी करून परत आले. पण आपण संशयी आहोत आणि हा माणूस भला असेल, असेही वाटत होते. फुकट तर आला होता बिचारा, दोन मैल, उन्हात.

दुसरा म्हातारा आहे. शाळेच्या शिपायाने त्याचे नाव सांगितले. तो दारातच उभा राहिला आणि म्हणाला, पाहण्याचा एक रुपया पडेल, काम दिले तर बिलातून कटेल. मी त्याला आत घेतलेच नाही. रुपया कशाचा, तुम्ही अजून काही केलेच नाही, असे तोंडावर म्हटले. तो रागावला नाही. छत्री उघडली आणि गेला. माय आतून सगळे ऐकत होती. तिने तांदूळ निवडणे थांबवले नाही, पण म्हणाली, "काऊन वापस लावलं त्या बुवाले? तुह्या बापानंबी हेच मांगतलं असतं." मी म्हटले, बाबांनी ते घेणे सोडले होते. माय म्हणाली, "सोडलं होतं. अन् काऊन सोडलं थे मले कधी समजलं नाई." मी घागर घेऊन विहिरीवर गेले.

तुम्ही का सोडले ते मला माहीत होते, बाबा.

फाल्गुनापासून आपल्या अंगणात वाळ्याचे भारे पडत. मी शाळेतून येते आहे आणि नाक्यावरच तो वास लागतो, ओल्या मातीसारखा, पण जरा कडवट. तुम्ही बांबूच्या कामट्या तासत बसला आहात, तोंडात सुतळी धरलेली, म्हणून बोलत नाही. पुलगावातून बोलावणे आले की तुम्ही धोतर बदलता आणि शेतातल्या कापसाचा एक पुंजका खिशात टाकता. मला एक-दोनदा बरोबर नेले होते. कोणाच्याही घरी गेलात तरी तुम्ही आधी माप घेत नसा. खिडकीपाशी उभे राहून कापसाचे एक बोंडभर तूस पिंजून हवेत सोडायचे आणि ते कुठे जाते ते पाहत राहायचे. आत आले, खोली ओलांडून समोरच्या दारातून बाहेर गेले, तर ताटी बसवायची. तिथेच गिरक्या घेऊन खाली पडले, तर तिथे वारा नाही. तिथे ताटी लावली तर खोली गार होत नाही, नुसती दमट होते आणि माणूस घामाने भिजतो. तसे तुम्ही स्पष्ट सांगायचे आणि पाहण्याचे आठ आणे घेऊन परत यायचे. त्या आठ आण्यांबद्दल तुम्हाला कधी अवघडल्यासारखे वाटले नाही. मला वाटू लागले.

मी सातवीत असताना आमच्या बाईंनी तुम्हाला बोलावले. स्टेशनाजवळ त्यांची खोली होती, वर पत्रा, पश्चिमेला शेजारच्या घराची भिंत. तुम्ही कापूस सोडला, तो पडला. दोन ताट्यांचे चौदा रुपये त्यांनी काढून ठेवले होते. तुम्ही म्हणालात, ताटी नको, पत्र्यावर वीतभर पऱ्हाटी, कापूस वेचून उरलेली वाळकी झाडे, पसरा, सकाळ-दुपार तिच्यावर पाणी मारा, खिडकी दिवसा बंद ठेवा. आणि आठ आणे घेतलेत. दुसऱ्या दिवशी वर्गात ही गोष्ट सगळ्यांना कळली. मधल्या सुट्टीत एक मुलगी म्हणाली, नुसते पाहायचे आठ आणे मिळतात तर आमच्या घरचा बैलही पाहून जा म्हणावं. सगळ्या हसल्या. मी हसले नाही. मी घरी आले आणि तुम्हाला सांगितले, की काम न करता पैसे घेणे बाईंना आवडलेले नाही. त्या रागावल्या आहेत.

तुमच्या तोंडात सुतळी होती. ती तुम्ही काढलीत. मग आत जाऊन ती आठ आण्यांची अधेली आणलीत आणि माझ्या हातावर ठेवून म्हणालात, "मंग वापस देऊन येजो बाईले. म्हनजो, चुकलं." एवढेच. मला वाटले होते तुम्ही रागवाल, मग मला तुमच्याशी तत्त्वावर बोलता येईल. त्यानंतर तुम्ही कोणाकडूनच पाहण्याचे घेतले नाही. मला अभिमान वाटला. आपण वडिलांना सुधारले असे वाटले. वहीत लिहूनही ठेवले होते.

पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही मला रेल्वेतल्या एका कारकुनाच्या क्वार्टरवर नेलेत. मी खिडकीशी उभी राहून वाट पाहत होते. तुमचा हात खिशाकडे गेलाच नाही. तुम्ही दोरी काढलीत, गाठी मारून तीन खिडक्यांची मापे घेतलीत आणि तीन ताट्या लागतील म्हणालात. एका खिडकीसमोर गोदामाची भिंत होती. मला ती दिसत होती, बाबा. तुम्हाला दिसली नसेल हे शक्य नव्हते. परत येताना मी मुद्दाम विचारले, कापूस विसरलात का? तुम्ही म्हणालात, "हो, इसरलो." त्या दिवसापासून मी तुमच्यावर नजर ठेवू लागले. कोणत्या घरी किती ताट्या, कोणते काम गरजेचे, कोणते नाही. दहावीत असताना तुम्ही मुदतीच्या तापात गेलात, तेव्हा शेवटच्या दिवसांत तुमच्या उशाशी बसूनही माझ्या मनात हे होते, की माझे वडील चांगले आहेत पण लबाड आहेत. असे मनात धरून मी तुमचे तोंड पुसत होते.

काल पुन्हा अंदाजाचा कागद घेऊन बसले होते. माय माझ्यामागे उभी राहून म्हणाली, "त्या भिंतीकडच्या खिडकीले ताटी? अन् तू तुह्या बापाची पोरगी असून हे वाचून राह्यली?" मी उठून पश्चिमेच्या खिडकीपाशी गेले. समोर हाताच्या अंतरावर घरमालकाची भिंत. ही भिंत मी रोज पाहते. जो फुकट आला त्यानेही पाहिली होती, टेप धरताना त्याचे कोपर तिला लागले असणार. मी आज सकाळी शिपायाला पाठवून म्हाताऱ्याला परत बोलावले आणि दारातच रुपया हातावर ठेवला. त्याने तो निरखून पाहिला, बहुतेक माझा राग त्यात आहे का ते. मग आत येऊन बिडी पेटवली. मी बिडी बाहेर ओढा म्हणणार होते, पण तो ती ओढतच नव्हता. खिडकीपाशी धरून धूर पाहत होता. धूर सरळ वर गेला. मग दारापाशी धरली, तिथे धूर आत वळला आणि मागच्या दाराकडे गेला. म्हाताऱ्याने बिडी विझवून कानावर ठेवली. म्हणाला, दाराला एक ताटी, आठ रुपये, त्यातला रुपया कटला, सात द्यायचे. खिडकी बंद ठेवायची. पत्र्यावर पऱ्हाटी टाका, ती कुठेही मिळते. पन्हाळी कशाला, तांब्याने पाणी मारता येत नाही का?

माझा संशय तरी गेला नाही. मी विचारले, रुपया कापायचाच होता तर आधी घेतला कशाला? तो उंबऱ्यावर बसून चप्पल घालत होता. म्हणाला, "काम नाई म्हनाची सोय पाह्यजे ना मले, बाई. फुकट येईन, तं काई ना काई इकूनच जा लागते. घरी चूल तं पेटवाच लागते."

तो गेल्यावर मला हिशेब लागला. आठ आणे हे तुमच्या पायांचे नव्हते, दोरीचे नव्हते. ते नको म्हणता येण्याचे होते. ते मी तुमच्याकडून काढून घेतले, आणि नंतर तुम्ही हो म्हणू लागलात म्हणून तुम्हाला लबाड ठरवले. गोदामाकडची ती ताटी तुम्ही लावलीत, ते बरोबर होते असे मी म्हणत नाही. त्या कारकुनाचे पैसे गेलेच. पण ती खिडकी मोजणारा हात माझ्या शिकवणीतला होता. कापूस तुम्ही विसरला नव्हता. मी सोबत असताना तुम्हाला तो सोडायचा नव्हता, तो माझ्यादेखत खाली पडला असता.

आता माय विचारते आहे, काय लिहून राह्यली? मी म्हटले, शाळेचे. दुकानदाराच्या अंदाजाच्या मागच्या कोऱ्या बाजूला हे लिहिते आहे, कागद चांगला आहे. उद्या ताटी बसेल. मायला आज संध्याकाळी तरी सांगायला हवे, तिने इतकी वर्षे ज्याचे कारण शोधले ते. ते अजून जमलेले नाही, म्हणून आधी तुम्हाला सांगते.

बाई रागावल्या नव्हत्या. वर्गात त्यांनीच कौतुकाने सांगितले होते, की एक प्रामाणिक माणूस भेटला, आठ आण्यांत माझे चौदा रुपये वाचले. रागावले होते ती मी, त्या हसण्यामुळे. ती अधेली मी त्यांना दिलीच नाही, देणार कशी. मारुतीच्या देवळातल्या पेटीत टाकली. आणि उन्हाळा संपताना बाईंनी माझ्यापाशी तुमच्यासाठी एक निरोप दिला होता. तो सांगितला असता तर माझे खोटे उघडे पडले असते, म्हणून मी तो ठेवून घेतला. निरोप एवढाच होता: वडिलांना सांग, पऱ्हाटी टाकली, खोली गार राहते.